मुकुटाखाली दोन हृदयं : चांदीच्या बटणांच्या एका जोडीचं प्रकरण

दक्षिण इंग्लंडमधल्या एका शेतात मेटल डिटेक्टरने शोध घेताना चांदीच्या दोन लहान बटणांची जोडी सापडली. प्रत्येक बटण साधारण 15 मिलिमीटर व्यासाचं. दर्शनी बाजूला एकमेकांना चिकटलेली दोन हृदयं, त्यांच्यावर एक मुकुट, आणि कडेला बारीक नक्षी. एका बटणाची कड आत दबलेली होती, पण दोन्ही बटणं जोडणारी लंबगोल कडी शाबूत होती. कापडावर शिवून टाकायची ही बटणं नव्हेत. शर्टाच्या बाहीला दोन काजी करून त्यांतून ओवायची ही जोडबटणं, म्हणजे आजच्या कफलिंकची पूर्वज.

या नक्षीची सुटी बटणं इंग्लंडमध्ये अधूनमधून सापडतात. काही चांदीची असतात, काही तांब्याच्या मिश्रधातूची. बहुतेकदा एकच बटण हाती लागतं आणि मागची कडी तुटलेली किंवा ताणून सरळ झालेली असते. दोन्ही बटणं मूळ कडीसकट मिळणं ही यातली दुर्मीळ गोष्ट. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण मात्र वेगळं आहे. ही जोडी कायद्याने ‘ट्रेझर’, म्हणजे सरकारचा हक्क लागणारा ऐवज, ठरते की नाही हा प्रश्न तिच्या वयावर येऊन थांबला होता, आणि वय सांगायला तिच्यावर एक अक्षरही नव्हतं. होती ती फक्त एक फार देखणी आख्यायिका.

शेताचं नाव आणि काउंटी मी मुद्दाम देत नाही. परवानगी न घेता रात्री शेतात घुसून वस्तू उकरून नेणाऱ्यांना तिथे नाइटहॉक म्हणतात. नेमकं ठिकाण कळलं की पहिले तेच पोहोचतात.

जोडी सापडली माझ्या सहकाऱ्याला. निवृत्त पोस्टमन, या छंदात माझ्यापेक्षा कितीतरी मुरलेला. मी शेजारच्या पट्ट्यात होते. जमिनीच्या मालकाकडून लेखी परवानगी आधीच घेतली होती आणि काही सापडलं तर वाटणी कशी करायची तेही त्याच कागदावर लिहिलं होतं. हा कागद अनेकांना अविश्वासाचं लक्षण वाटतो. माझं मत नेमकं उलट आहे. काहीही सापडलेलं नसताना केलेला करार दोन्ही बाजूंना सोपा जातो, चांदी हातात आल्यावर तीच बोलणी अवघड होतात. शेत संरक्षित स्मारकाच्या हद्दीत येत नाही याचीही खात्री केली होती, कारण अशा जागी परवान्याशिवाय डिटेक्टर वापरणं 1979 च्या प्राचीन स्मारक कायद्याने गुन्हा आहे.

गहू कापून झाला होता आणि रानात धसकटं उभी होती. धसकटांत डिटेक्टरची कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची चकती, जमिनीला टेकत नाही, त्यामुळे खोली थोडी गमवावी लागते. पहिला सिग्नल आला तो अडखळता. उत्तर-दक्षिण कॉइल फिरवली की एकच मऊ, मध्यम उंचीचा स्वर यायचा. पूर्व-पश्चिम फिरवली की तोच स्वर दुभंगायचा आणि मध्येच लोखंडाची खरखर यायची. जाडजूड चांदीचं नाणं असतं तर स्वर उंच आणि स्वच्छ आला असता. डिटेक्टर जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडतो, त्याने वस्तूत भोवरे प्रवाह निर्माण होतात आणि त्या प्रवाहांची परतफेड कॉइल ऐकते. ही परतफेड धातू किती सुवाहक आहे यावर जशी ठरते, तशी वस्तूच्या आकारावर आणि जाडीवरही ठरते. म्हणून पातळ पत्र्याची चांदी आकड्यांच्या पट्टीवर खाली घसरते आणि डब्याच्या झाकणाच्या कड्या, अॅल्युमिनियमचे तुकडे यांच्या रांगेत जाऊन बसते. मध्यम स्वर कचरा म्हणून सोडून देणाऱ्यांच्या हातून अशी बटणं कायमची निसटतात. हा माणूस मध्यम स्वर सोडत नाही. त्याचं खरं कसब त्यातच आहे असं मी मानते.

ढेकूळ निघालं ते साधारण 15 सेंटीमीटर खोलीवरून, म्हणजे नांगराचा फाळ जिथवर पोहोचतो त्या थरातून. त्याच ढेकळात गंजलेला एक खिळाही होता. खरखर त्याची होती. मातीतून काळपट करडी कड दिसली तेव्हा त्याने अंगठ्याने माती पुसली नाही. जुन्या चांदीवरचा थर मऊ असतो आणि त्याखालची नक्षी त्याहून नाजूक. पातळ पत्र्यावर एकदा घासलं की मुकुटाची टोकं परत येत नाहीत. ढेकूळ तसंच पिशवीत गेलं, जागेचा दहा अंकी ग्रिड संदर्भ घेतला आणि खड्डा बुजवला. ब्रिटनच्या राष्ट्रीय ग्रिडमध्ये सहा अंकांनी जागा 100 मीटरच्या चौकोनात कळते, आठ अंकांनी 10 मीटरच्या आणि दहा अंकांनी 1 मीटरच्या. नांगरलेल्या थरातली वस्तू मूळ जागेवरून हललेली असतेच, मग एवढा नेमकेपणा कशाला, असं कुणी विचारेल. नांगर वस्तू काही मीटर ओढतो, दुसऱ्या गावी नेत नाही. अनेक वस्तूंचे नेमके संदर्भ एकत्र आले की शेतावर काय घडत होतं याचा आराखडा उमटू लागतो. या प्रकरणात तसंच झालं, त्याकडे पुढे येते.

आता आख्यायिका. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या ब्रागांझाची कॅथरीन यांचं लग्न 21 मे 1662 रोजी पोर्ट्समथला झालं. मुकुटाखाली दोन हृदयं असलेली बटणं या लग्नाची आठवण म्हणून निघाली, असं डिटेक्टरवाले, नाण्यांचे व्यापारी आणि संग्राहक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. मराठी वाचकाला हे लग्न परकं नाही. 23 जून 1661 च्या करारानुसार कॅथरीनच्या आंदणात उत्तर आफ्रिकेतल्या टँजियर बंदराबरोबर मुंबई बेट होतं. इथल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी बरीच खळखळ केली आणि प्रत्यक्ष ताबा इंग्रजांना फेब्रुवारी 1665 मध्ये मिळाला. 27 मार्च 1668 च्या सनदेने चार्ल्सने ते बेट वर्षाला 10 पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. त्या दुपारी बांधावर बसून मी हे माझ्या सहकाऱ्याला सांगितलं. त्याने आयुष्यभर ‘लग्नाची बटणं’ हा शब्द वापरला होता, पण त्या लग्नात माझ्या ओळखीचं एक शहर दिलं-घेतलं गेलं हे त्याने पहिल्यांदाच ऐकलं. मला तरी त्या क्षणी ती जोडी 1662 चीच असावी असं मनापासून वाटत होतं.

वाटणं आणि ठरवणं यांत फरक करायची वेळ लगेच आली, कारण इंग्लंडचा ट्रेझर कायदा वर्ष विचारतो. 1996 मध्ये मंजूर होऊन सप्टेंबर 1997 मध्ये लागू झालेल्या या कायद्यानुसार, नाणं नसलेली एकटी वस्तू ट्रेझर ठरायची तर सापडली त्या वेळी ती किमान 300 वर्षं जुनी हवी आणि तिच्या वजनात किमान 10 टक्के सोनं किंवा चांदी हवी. जुलै 2023 पासून आणखी एक दार उघडलं आहे: 200 वर्षांहून जुनी, कुठल्याही धातूची, पण असाधारण महत्त्वाची वस्तूही ट्रेझर ठरू शकते. बाहीच्या बटणांना ते दार लागू होण्याची शक्यता नव्हती. प्रश्न जुन्याच दोन कसोट्यांचा होता.

1996 च्या आधी हा प्रश्न निघालाच नसता. जुन्या ‘ट्रेझर ट्रोव्ह’ नियमात वस्तू परत काढून घेण्याच्या इराद्याने लपवली होती हे दाखवावं लागे. हरवलेल्या किंवा मृताबरोबर पुरलेल्या वस्तूंना तो लागू होत नसे. सटन हू इथे 1939 मध्ये सापडलेला अँग्लो-सॅक्सन जहाजातला ऐवज याच कारणाने ट्रेझर ठरला नाही. तो जमिनीच्या मालकीण एडिथ प्रिटी यांचा ठरला आणि त्यांनी तो ब्रिटिश म्युझियमला भेट दिला म्हणून आज लोकांसमोर आहे. सगळेच मालक एवढ्या मोठ्या मनाचे नसतात. बाहीतून गळलेलं बटण कुणी लपवत नाही, त्यामुळे जुन्या नियमात ही जोडी थेट कुणाच्या तरी खिशात गेली असती. नव्या कायद्याने इराद्याऐवजी वय आणि धातू विचारले, ही मला या क्षेत्रातली सगळ्यात शहाणी सुधारणा वाटते. तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या मनात काय होतं हे ठरवण्यापेक्षा चांदी मोजणं केव्हाही बरं.

ट्रेझर असू शकेल अशी वस्तू सापडल्याचं किंवा तसं लक्षात आल्याचं 14 दिवसांत कळवावं लागतं. कायद्याने ते कॉरोनरला, म्हणजे अशा प्रकरणांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवायचं असतं, व्यवहारात मात्र त्या भागाच्या फाइंड्स लायझन ऑफिसरकडे वस्तू सोपवली की पुढचं तेच पाहतात. हे अधिकारी पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीममध्ये काम करतात. इंग्लंडमध्ये ही योजना ब्रिटिश म्युझियमच्या देखरेखीखाली चालते आणि सामान्य लोकांना सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवते. सहकाऱ्याने त्याच आठवड्यात जोडी नेऊन दिली आणि पावती घेतली. आधी शेतकऱ्याला फोन केला. हा क्रम मला फार योग्य वाटतो.

धातूची कसोटी वरवर सोपी दिसते. क्ष-किरणांनी पृष्ठभागावरचे घटक मोजता येतात आणि वस्तूला ओरखडाही येत नाही. पण हे मोजमाप अगदी वरच्या थराचं असतं. चांदीचा मुलामा दिलेलं तांब्याचं बटणही तिथे चांदी दाखवतं. शिवाय जमिनीत पडून राहिलेल्या मिश्र चांदीतलं तांबं पृष्ठभागाजवळून झिरपून जातं आणि वरचा थर प्रत्यक्षाहून शुद्ध भासतो. म्हणून दबलेली कड इथे कामाला आली. पत्रा जिथे दुमडून किंचित फाटला होता तिथे आतला धातूही करडाच होता. तांबं असतं तर त्या चिरेत हिरवा गंज फुगून आला असता. मागचा डाख, कडी आणि पत्रा वेगवेगळे तपासले गेले. चांदी 10 टक्क्यांच्या कितीतरी वर होती. हॉलमार्क नव्हता. इतक्या लहान वस्तूंवर तो बहुधा नसतोच, त्यामुळे त्याच्या नसण्यावरून काही सिद्ध होत नाही. असता तर वयाचा प्रश्न मिटला असता.

वयाच्या बाबतीत लायझन अधिकारी बाईंनी आमच्या लग्नाच्या गोष्टीला नम्रपणे बाजूला ठेवलं. त्यांचं म्हणणं असं: दोन हृदयं हे प्रेमाचं सर्वसाधारण चिन्ह आहे, मुकुट प्रत्येक वेळी राजाचाच असतो असं नाही, आणि बटणांवर राजा-राणीची नावं नाहीत, आद्याक्षरं नाहीत, साल नाही. लग्नाच्या निमित्ताने ही नक्षी लोकप्रिय झाली हे शक्य आहे. पण लोकप्रिय झालेली नक्षी निमित्त संपल्यावर थांबत नाही, कारागीर ठसा झिजेपर्यंत वापरतो. मग 1662 ही फार तर आधीची मर्यादा होते. नंतरची मर्यादा कुठे? ती अठराव्या शतकात बरीच आत सरकली तर 300 वर्षांची रेघ हुकण्याचा धोका होता. ज्या गोष्टीमुळे बटण लोकांना प्रिय झालं, ती गोष्ट बटणाचं वय ठरवायला जवळपास निरुपयोगी ठरली.

मदत केली ती घडणीने. बाहीला दोऱ्याऐवजी जोडबटणं लावायची पद्धत सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली. या जोडीचे पत्रे ठसा मारून उठवलेले होते, मागे वेगळी चकती डाखाने जोडली होती, पोकळ बटणाच्या पाठीवर तारेचा फास होता आणि मधली कडी साधी लंबगोल होती. योजनेच्या डेटाबेसमध्ये पंधरा लाखांहून अधिक वस्तूंच्या नोंदी आहेत. त्यातल्या याच नक्षीच्या आणि याच घडणीच्या जोड्या शेजारी ठेवून पाहिल्यावर अहवालात ‘सतराव्या शतकाचा उत्तरार्ध’ असं लिहिलं गेलं. इथे कडी शाबूत असण्याचं मोल कळतं. सुट्या बटणावरून फक्त नक्षीची तुलना करता आली असती, जोडीवरून सगळ्या रचनेची करता आली. शेतावर कुणी हौसेने ती कडी सरळ करून पाहिली असती, किंवा दोघांनी एकेक बटण वाटून घेतलं असतं, तर हा पुरावा जागच्या जागी संपला असता. असं वाटून घेतल्याची उदाहरणं ऐकली की मला खरोखर वाईट वाटतं.

शेताकडे वळते. त्याच रानात याआधीच्या हंगामांत शिशाच्या बंदुकीच्या गोळ्या, कापडाच्या गठ्ठ्यांना लावायची शिशाची एक मोहोर आणि चार्ल्सच्या तांब्याच्या काही फार्दिंग (पाव पेनीची नाणी) मिळाल्या होत्या. ही फार्दिंग 1672 पासून निघू लागली. यांतल्या बऱ्याच वस्तू तिथे कुणी हरवल्या असतील असं नाही. गावातला मैला, राख आणि केरकचरा खत म्हणून शेतात पसरला जाई, आणि घरात हरवलेलं बटण त्या खताबरोबर मैलभर दूरच्या रानात पोहोचे. पुढच्या काळात तर लोकरीच्या चिंध्याही खत म्हणून मातीत घातल्या गेल्या. म्हणून शेतात बटण सापडलं की ‘इथे सरदार घोड्यावरून पडला’ अशी गोष्ट रचायची घाई करू नये.

आमची जोडी मात्र खतातून आली असावी असं मला वाटत नाही. चिंध्या टाकण्याआधी चांदी कुणीही काढून घेईल. सुटं बटण केरात जाणं समजू शकतं, जोडलेली दोन बटणं केरात नजरेतून सुटणं कठीण. बाहीतली जोडी आख्खी गळायची तर दोन काजींपैकी एकीतून बटण निसटावं लागतं, आणि ते घडतं बाही मोकळी करताना किंवा वर सारताना. नोंदींच्या नकाशावर एक गोष्ट ठळक दिसत होती: फार्दिंग आणि गोळ्या रानभर विखुरलेल्या होत्या, जोडी मात्र जुन्या पायवाटेपासून काही पावलांवर होती. ही पायवाट आजही हक्काचा रस्ता म्हणून नकाशावर आहे. उन्हात चालताना कुणीतरी बाह्या सारल्या असाव्यात असा माझा अंदाज आहे. अहवालात तो नाही आणि नसावाच. पण दहा अंकी संदर्भ नसता तर हा अंदाज बांधायलाही आधार नव्हता.

पुढची प्रक्रिया संथ होती. अहवाल तयार झाल्यावर संग्रहालयांना विचारणा होते. कुणालाच वस्तू नको असेल तर सरकार तिच्यावरचा हक्क सोडतं आणि ती परत मिळते. चांदीची सुटी बटणं बऱ्याचदा अशीच परत येतात, कारण संग्रहालयांच्या खणांत तशी आधीच असतात. इथे काउंटीच्या संग्रहालयाला जोडी कडीसकट हवी होती, म्हणून प्रकरण कॉरोनरच्या इन्क्वेस्टपर्यंत, म्हणजे औपचारिक चौकशीपर्यंत, गेलं आणि ती ट्रेझर ठरली. यानंतर तज्ज्ञांची मूल्यांकन समिती बाजारभाव सुचवते, संग्रहालय तेवढी रक्कम भरतं आणि ती बहुधा शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. ही अटळ पायरी नाही. दोघंही मोबदला सोडू शकतात.

शेतकरी सुरुवातीला तयार नव्हता. पैशाचा प्रश्न नव्हता. त्याच्या घराण्याने तीन पिढ्या ते रान कसलेलं, आणि जोडी आपल्या घरात असावी असं त्याला वाटत होतं. माझ्या सहकाऱ्याने त्याला पटवायचा प्रयत्न केला नाही. “जमीन तुमची आहे, तुम्ही म्हणाल तसं,” एवढंच म्हणाला. मला त्या वेळी हे फार गुळमुळीत वाटलं होतं, कारण संग्रहालयाने जोडी मागितल्यावर ती घरी ठेवता येणं कायद्यानेच शक्य नव्हतं आणि हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं होतं. ते लायझन अधिकारी बाईंनी सांगितलं आणि त्यांनीच संग्रहालयातला तो खण त्याला नेऊन दाखवला. तिथे त्याच्याच गावच्या हद्दीतल्या मध्ययुगीन बकलपासून शिशाच्या मोहोरांपर्यंत वस्तू ओळीने मांडल्या होत्या. परत आल्यावर त्याने आपला वाटा सोडल्याचं पत्र दिलं. सहकाऱ्यानेही दिलं. दोघांनी मोबदला सोडल्यावर मूल्यांकनाची गरजच उरली नाही आणि लहान संग्रहालयाचे पैसे वाचले.

एका मुद्द्यावर माझं संग्रहालयाशी अजून एकमत नाही. मांडणीतल्या चिठ्ठीवर ‘चांदीची जोडबटणं, सतराव्या शतकाचा उत्तरार्ध’ इतकंच आहे, लग्नाचा उल्लेख नाही. पुरावा नाही म्हणून वगळला, हे त्यांचं कारण मला समजतं आणि कायद्यापुरतं ते बरोबरही आहे. पण साडेतीनशे वर्षांपूर्वी हे बटण लावणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर कोणता मुकुट होता हा प्रश्न अजून खुला आहे, आणि ‘काहींच्या मते 1662 च्या राजविवाहाची आठवण, मात्र सिद्ध नाही’ अशी एक ओळ लिहिल्याने अचूकपणा कमी होत नाही. तसं पत्र मी त्यांना पाठवलं आहे आणि त्यासोबत मुंबईच्या सनदेच्या तारखाही दिल्या आहेत. चिठ्ठ्या बदलायची वेळ येईल तेव्हा विचार करू, असं त्यांनी कळवलं आहे.